पुठ्ठ्याचं स्टूल, बैठं डेस्क आणि मांडणी : खान्देशातल्या घरासाठी

खोकं फोडायच्या आधी त्याची कापलेली कड उजेडात धरून बघा. वर एक सपाट कागद, खाली एक सपाट कागद आणि मध्ये नागमोडी कागदाची रांग दिसेल. त्या नागमोडीमुळे पुठ्ठ्याच्या पोटात बारीक नळ्या तयार झालेल्या असतात. पुठ्ठ्याची सगळी ताकद या नळ्यांत आहे. नळ्या उभ्या राहिल्या तर पुठ्ठा माणसाचा भार घेतो, आडव्या झाल्या तर साधं दप्तरही त्याला जड जातं.

माझ्यावर विश्वास ठेवू नका, पाच मिनिटं काढून करून बघा. ३० सेंटीमीटर लांब आणि १५ सेंटीमीटर उंच अशा दोन पट्ट्या कापा. एकीत नळ्या उभ्या येऊ द्या, दुसरीत आडव्या. दोन्हींना दर १० सेंटीमीटरवर घडी घालून तिकोनी नळकांडी करा आणि सांधा चिकटपट्टीने बंद करा. दोन्ही जमिनीवर उभी करा, वर एकेक ताटली ठेवा आणि ताटलीत एकावर एक पुस्तकं रचत जा. आडव्या नळ्यांचं नळकांडं पेटीच्या भात्यासारखं दबत जाईल. उभ्या नळ्यांचं मात्र पुस्तकं संपेपर्यंत जागचं हलणार नाही.

माझं पहिलं स्टूल मी हे न समजता बनवलं. मापं बरोबर होती, फेविकॉल भरपूर होता, रंगही छान लागला होता. पण कापताना पुठ्ठा जसा पुरला तसा फिरवून घेतला होता, त्यामुळे निम्म्या पट्ट्यांत नळ्या आडव्या गेल्या. भाचा त्यावर बसला आणि एका बाजूने ते हळूहळू खचलं. त्याला लागलं नाही, पण मला धडकी भरली. तेव्हापासून प्रत्येक तुकड्यावर, कापायच्या आधी, नळ्यांच्या दिशेने पेन्सिलीचा बाण काढते. तुम्हीही काढा. या लेखातलं दुसरं काही विसरलात तरी चालेल, पण हा बाण विसरू नका.

खोकी कुठून आणायची

वॉशिंग मशीनचं खोकं सगळ्यात कामाचं. चारही बाजू मोठ्या, सलग आणि बिनभोकाच्या मिळतात. फ्रिजचंही चालतं. आपल्याकडे मार्च-एप्रिलमध्ये कूलरची विक्री सुरू झाली की दुकानांच्या मागे खोक्यांचा ढीग साचतो. पत्र्याचे कूलर उघडेच येतात, प्लॅस्टिकचे मात्र खोक्यात येतात. दुकानदाराला आदल्या दिवशी सांगून ठेवलं तर तो खोकं न चेपता बाजूला काढून ठेवतो. भंगारवाल्याकडे गेलात तर चेपलेलाच माल मिळतो, कारण तो वजनावर घेतो आणि जागा वाचवायला घड्या पाडून रचतो. घडी पडली की त्या रेषेवरच्या नळ्या मेल्या.

रावेर, यावल, सावदा या बाजूला राहत असाल तर केळीची खोकी तुमच्या ओळखीची असतीलच. परदेशी जाणारी केळी साधारण १३ किलोच्या खोक्यांत भरतात. एकावर एक खोक्यांची थप्पी लागते आणि सगळ्यात खालच्या खोक्यावर वरच्या सगळ्यांचा भार येतो. तो पेलायचा म्हणून पुठ्ठा जाड आणि दणकट घेतलेला असतो. अडचण एवढीच की गार हवा खेळती राहावी म्हणून त्याला भोकं पाडलेली असतात. भोकांचा तुकडा उभ्या भारासाठी वापरायचा नाही. बसायच्या पाटाच्या मधल्या थराला मात्र तो खुशाल वापरा.

फवारणीच्या औषधांची किंवा खतांची खोकी घरात आणू नका. रिकामी असली, दोन महिने उन्हात ठेवलेली असली, तरीही नाही. ज्यावर मूल पाटी घेऊन बसणार त्याला विषाचा वास नको. ओलावा लागून सुकलेला पुठ्ठाही नको. त्यावर तपकिरी कडांचे डाग दिसतात आणि कडेवर अंगठा दाबला तर तो आत रुततो. चांगल्या पुठ्ठ्याची कड अंगठ्याला उलट टोचते.

प्लाय म्हणजे कागदांचे थर. ३ प्लायमध्ये नागमोडीची एक रांग असते आणि जाडी साधारण ३ ते ५ मिलीमीटर. ५ प्लायमध्ये दोन रांगा आणि जाडी ६-७ मिलीमीटर. खाली दिलेली मापं ७ मिलीमीटरच्या ५ प्लाय पुठ्ठ्याची आहेत. तुमच्याकडे ३ प्लायच असेल तर दोन तुकडे एकमेकांवर चिकटवून घ्या, दोन्हींचे बाण एकाच दिशेला ठेवून. मग जाडी पुन्हा मोजा आणि तीच पुढे धरा.

गावात जे मिळतं त्यातून काम करायचं, हे आपल्या मुलखाला नवं नाही. १९३६ साली फैजपूरला काँग्रेसचं ग्रामीण भागातलं पहिलं अधिवेशन भरलं, तेव्हा चित्रकार नंदलाल बोस यांनी बांबूसारख्या साध्या, गावात सापडणाऱ्या वस्तू घेऊन तिथली सजावट उभी केली होती. आज आपल्या गावात बांबूपेक्षा पुठ्ठा जास्त सापडतो, म्हणून पुठ्ठा.

हत्यारं आणि चिकट

रुंद पात्याचा कटर आणि त्याची जादा पाती, ६० सेंटीमीटरची स्टीलची पट्टी, काटकोन बघायचा सुताराचा गुण्या, पेन्सिल, गमटेप, रंगाचा दोन इंची ब्रश. प्लॅस्टिकच्या पट्टीवर कटर चालवू नका. पातं तिची कड खातं, मग बोटाकडे घसरतं. गुण्या नसेल तर वहीचा पक्का कोपरा चालतो, पण गुण्या मागून आणा. स्टुलाचा एक कोपरा तिरका गेला तर ते आयुष्यभर डुगडुगतं.

जोडकामाला फेविकॉलच घ्या. मैद्याची खळ स्वस्त असते आणि घरात करता येते, पण तिच्यात पाणी फार. ओल्या खळीने पुठ्ठ्याचे दोन मोठे तुकडे जोडले तर सुकताना ते पापडासारखे वाकतात आणि मधल्या नळ्या मऊ पडतात. खळ लागणार आहे ती शेवटी, वरून कागद चढवताना.

खळ करायची ती अशी. एक वाटी मैदा आधी एक वाटी गार पाण्यात गुठळ्या मोडेपर्यंत कालवा. दुसरीकडे चार वाट्या पाणी उकळायला ठेवा. उकळी आली की कालवलेला मैदा त्यात ओतून मंद आचेवर सतत ढवळत राहा. पांढरा रंग जाऊन ती काचेसारखी झळकायला लागली आणि डावाला धरून राहिली की उतरवा. पूर्ण गार झाल्यावरच वापरा. आपल्या उन्हाळ्यात ती दुसऱ्या दिवशी आंबते, म्हणून लागेल तेवढीच करा.

खळीला झुरळं आणि उंदीर येतात. बुकबाईंडर त्यासाठी चिमूटभर मोरचूद घालतात. मोरचूद विषारी आहे. घरात रांगतं, वस्तू तोंडात घालणारं मूल असेल तर घालूच नका. घातलंच तर खळ उतरवून प्लॅस्टिकच्या डब्यात काढल्यावर घाला, कारण लोखंडाच्या किंवा ॲल्युमिनियमच्या भांड्याला ते खातं. आणि तो डबा पुन्हा स्वयंपाकघरात नको.

कापणं

घाई इथेच होते. एका दमात कापायला गेलं की पातं पुठ्ठा चिरण्याऐवजी दाबतं आणि कडेच्या नळ्या चपट्या होतात. चपटी कड भार घेत नाही. म्हणून तीन हात फिरवायचे. पहिला हात नुसता वरचा कागद फाडण्यापुरता, दुसरा मधल्या नागमोडीतून, तिसरा आरपार. खाली पुठ्ठ्याचाच जुना तुकडा ठेवा. पट्टी धरलेल्या हाताची बोटं पात्याच्या रेषेपासून दूर आणि कटर नेहमी अंगापासून बाजूला ओढायचा. पातं चिरण्याऐवजी खरखर ओढायला लागलं की लगेच टोक मोडून नवं काढा. बोथट पात्यानेच हात कापतो, कारण आपण जोर लावतो. कापायचं काम मोठ्यांनीच करावं. मुलांना बाण काढायला, चिकटवायला आणि कागद लावायला द्या, तेवढ्यात ती रमतात.

घडी पाडायची असेल तेव्हा कापू नका. पट्टी लावून चमच्याच्या मागच्या बाजूने रेघ दाबा आणि त्या रेघेवर मोडा.

स्टूल

तयार स्टूल ३३ सेंटीमीटर चौरस आणि ३६ सेंटीमीटर उंच होईल. वॉशिंग मशीनचं एक मोठं खोकं ५ प्लायचं असेल तर एवढ्यात होतं. आत पट्ट्यांची जाळी, चार बाजूंना भिंती, खाली तळ आणि वर तीन थरांचा पाट.

सुरुवात जाळीपासून करा. ३० सेंटीमीटर रुंद आणि ३३ सेंटीमीटर उंच अशा सहा पट्ट्या कापा. बाण ३३ च्या दिशेने, म्हणजे उभा. एक सोय ध्यानात ठेवा, खोकं उभं असताना त्याच्या बाजूंमधल्या नळ्या बहुतेक वेळा उभ्याच असतात, म्हणून खोक्याची उंची तीच पट्टीची उंची धरली तर काम सोपं होतं. तरी प्रत्येक वेळी कड बघून खात्री करा.

आता खाचा. प्रत्येक पट्टीवर डावीकडून ५, १५ आणि २५ सेंटीमीटरवर उभ्या रेषा मारा. या खाचांच्या मधल्या रेषा. रेषेच्या दोन्ही बाजूंना साडेतीन-साडेतीन मिलीमीटर घेऊन ७ मिलीमीटर रुंदीची खाच आखा. तुमचा पुठ्ठा ६ चा असेल तर खाच ६ चीच. खाचेची खोली पट्टीच्या निम्मी, साडेसोळा सेंटीमीटर, वर दोन मिलीमीटर जास्त घ्या म्हणजे पट्ट्या पूर्ण बसतात. आधी एकच पट्टी कापा, तिच्या खाचेत पुठ्ठ्याचा तुकडा घालून बघा. हलक्या दाबाने आत जायला हवा आणि उलटं धरलं तरी पडायला नको. सैल खाच फेविकॉलने भरून निघत नाही. माप जमलं की तीच पट्टी साचा म्हणून बाकीच्या पाचांवर ठेवून आखा.

तीन पट्ट्या खाचा वर करून उभ्या धरा आणि उरलेल्या तीन खाचा खाली करून त्यांच्यात आडव्या बसवा. सहाही एकदम बसवायला दोन माणसं लागतात. मी हे काम ओट्यावर बसून करत होते तेव्हा शेजारच्या आक्का फाटकाशी थांबल्या आणि म्हणाल्या, "हाई खोकं शे का स्टूल?" उत्तर द्यायच्या आधी त्यांनाच पलीकडचं टोक धरायला दिलं. आता ती जाळी पाणी पाजण्यासाठी पाडलेल्या वाफ्यांसारखी दिसेल, चौकोनाला लागून चौकोन. सपाट फरशीवर ठेवून वरून तळहात फिरवा. एखादी पट्टी वर आली असेल तर तिची खाच थोडी खोल करा. वरची आणि खालची पातळी एकसारखी झाल्याशिवाय पुढे जाऊ नका. पट्टी अर्धा सेंटीमीटर वर राहिली तर सगळा भार तिच्या एकटीवर येतो.

खाचांच्या सांध्यात ब्रशने फेविकॉल भरा. जाळी गुण्यात आहे ना ते कोपऱ्याला गुण्या लावून बघा, एका कोपऱ्यापासून समोरच्या कोपऱ्यापर्यंतचं अंतर दोन्हीकडून सारखं येतं का तेही मोजा. मग रात्रभर सुकू द्या.

भिंती चार. दोन ३० सेंटीमीटर रुंद, दोन ३१.४ सेंटीमीटर रुंद, कारण दुसऱ्या दोन पहिल्या दोनींच्या कडा झाकून घेतात. उंची चौघींची ३३, बाण उभा. जाळीच्या बाहेर आलेल्या पट्ट्यांच्या कडांना फेविकॉल लावून भिंती दाबून बसवा आणि कोपऱ्यांवर गमटेप ओढून घ्या. तळाला ३१.४ चौरसाचा एक तुकडा. त्याचा बाण कुठल्याही दिशेला चालेल.

पाट मात्र नीट करायचा. ३३ चौरसाचे तीन तुकडे. पहिल्यात नळ्या उत्तर-दक्षिण असतील तर दुसऱ्यात पूर्व-पश्चिम, तिसऱ्यात पुन्हा उत्तर-दक्षिण. पुठ्ठा नळ्यांच्या रेषेवर सहज मोडतो, आडवा थर त्याला मोडू देत नाही. फ्रँक गेहरी या वास्तुकाराने १९७२ साली पुठ्ठ्याची नागमोडी खुर्ची केली, तिच्यातही पुठ्ठ्याचे थर असेच दिशा बदलत चिकटवलेले आहेत. फेविकॉल एका बाजूला पातळ, सगळीकडे, अगदी कडेपर्यंत लावा. थापून लावलात तर तोही पुठ्ठा भिजवतो. तीन थर एकत्र करून सपाट फरशीवर ठेवा, वर प्लॅस्टिकचा कागद, त्यावर जेवायला बसायचा लाकडी पाट आणि त्यावर जातं किंवा धान्याची गोणी. वजन कमीत कमी एक रात्र तसंच राहू द्या. आमच्याकडच्या मे महिन्यात वरून तीन तासांतच सुकल्यासारखं वाटतं, पण थरांच्या मधला चिकट तेव्हा ओलाच असतो.

शेवटी जाळीच्या सगळ्या वरच्या कडांना फेविकॉल लावून पाट ठेवा, चारही बाजूंना सारखा, साधारण ८ मिलीमीटर बाहेर. पुन्हा वजन, पुन्हा एक रात्र. मग २५ किलोची गोणी तासभर ठेवून बघा. काही आवाज आला नाही, कुठे भिंत फुगली नाही, तर हळूच बसा. आक्का बसल्या, थोडं डावीकडे-उजवीकडे सरकल्या आणि म्हणाल्या, "पक्कं शे."

या स्टुलावर बसायचं, त्यावर उभं राहायचं नाही. पंखा पुसायला, माळ्यावरून डबा काढायला ते नाही. उभ्या माणसाचा सगळा भार दोन टाचांखाली एकवटतो आणि पाटाला खड्डा पडतो. शिवाय ते हलकं असल्याने पायाखालून सटकतं.

वरून कागदाचं कातडं

उघड्या नळ्यांच्या कडा म्हणजे पुठ्ठ्याची उघडी तोंडं. दमट हवा, मुंग्या, झुरळं सगळं तिथून आत जातं. आपल्या आज्या नव्या टोपल्या-सुपांना भिजवलेली मेथी वाटून घातलेल्या कागदाच्या लगद्याचा लेप देत, म्हणजे फटी बुजत आणि बारीक धान्य सांडत नसे. काम तेच, फक्त इथे लगद्याऐवजी पट्ट्या.

वर्तमानपत्राच्या चार बोटं रुंद पट्ट्या हाताने फाडा. कात्रीने कापलेली कड सुकल्यावर रेघ दाखवते, फाडलेली मिसळून जाते. पुठ्ठ्यावर खळीचा पातळ हात, त्यावर पट्टी, वरून पुन्हा पातळ हात. प्रत्येक पट्टी निम्मी आधीच्या पट्टीवर चढली पाहिजे. कडा आणि कोपरे आधी घ्या, सपाट भाग नंतर. एक थर पूर्ण सुकल्यावरच दुसरा. दोन थर वर्तमानपत्राचे आणि तिसरा जाड खाकी कागदाचा किंवा जुन्या सुती साडीच्या कापडाचा. कापड लावलं तर कोपरे फार टिकतात, मी आता पाटाला नेहमी कापडच लावते.

सुकवायचं ते सावलीत. गच्चीवर कुरडया-पापड वाळत असतात, तिथेच स्टूलही ठेवावंसं वाटतं. ठेवू नका. ४५ अंशांच्या पुढच्या उन्हात वरची बाजू झटकन आकसते, खालची ओलीच राहते आणि पाट वाटीसारखा होतो. ओसरीवर, वारा लागेल तिथे ठेवा आणि दर दोन तासांनी बाजू बदला.

पूर्ण सुकल्यावर ऑइल पेंटचे किंवा वॉर्निशचे दोन हात. तळाच्या बाजूलाही. तळ दिसत नाही म्हणून तो सुटतो आणि पहिला ओलावा फरशीतून तिथेच चढतो.

कूलर, पावसाळा आणि वाळवी

आपला उन्हाळा कोरडा, म्हणून पुठ्ठा इथे सुखात राहील असं वाटतं. बाहेर राहीलही. पण एप्रिल-मे-जूनमध्ये आपण घरात कूलर लावतो आणि कूलर म्हणजे दिवसभर ओल्या गवताच्या जाळीतून येणारी हवा. खोली बंद असेल तर ही हवा कोंडते, मीठ ओलं होतं, पापड मऊ पडतात. पुठ्ठाही मऊ पडतो. कागद हवेतलं पाणी शोषतो आणि ओला कागद आपली बरीचशी ताकद गमावतो. माझं पहिलं डेस्क कूलरच्या समोर होतं, एका महिन्यात त्याचे पाय खालून फुगले. पावसाळ्याच्या भीतीने मी जुलैसाठी मेणकापड आणून ठेवलं होतं आणि डेस्क गेलं मे महिन्यातच.

म्हणून पुठ्ठ्याची वस्तू कूलरच्या झोतात नको आणि त्याच्या पाण्याच्या टाकीजवळ तर मुळीच नको. खिडकी थोडी उघडी ठेवा, कूलरला आणि पुठ्ठ्याला दोघांनाही ते मानवतं. पावसाळ्यात भिंतीपासून चार बोटं अंतर ठेवा. धाब्याच्या घरात भिंत ओल धरते, तिथे तर नक्कीच.

वाळवीला पुठ्ठा म्हणजे लाकडापेक्षा मऊ घास. सारवलेल्या जमिनीवर पुठ्ठ्याची वस्तू थेट ठेवू नका. चारही कोपऱ्यांखाली फरशीचे तुकडे किंवा बाटल्यांची प्लॅस्टिकची झाकणं चिकटवा. वस्तू महिन्यातून एकदा जागची हलवून खाली मातीची बारीक रेघ दिसते का बघा. वाळवी अंधारात आणि न हललेल्या जागी येते, तिला हललेलं आवडत नाही.

चूल, गॅस, देवासमोरचा दिवा यांच्याजवळ ठेवायचं नाही, हे वेगळं सांगायला नको. दिवाळीत पणत्या लावताना तेवढं ध्यानात राहू द्या.

बैठं डेस्क

पहिली ते पाचवीतलं पोर जमिनीवर मांडी घालून लिहितं आणि वहीकडे वाकून पाठ कमानीसारखी करतं. त्याच्यासाठी हे डेस्क. फळी ६० सेंटीमीटर लांब, ३६ सेंटीमीटर रुंद. पुढची उंची २२, मागची २८, म्हणजे फळी लिहिणाऱ्याकडे थोडी उतरती येते आणि मान कमी वाकते. आधी मुलाला मांडी घालून बसवून गुडघ्याची उंची मोजा. गुडघ्यापेक्षा पुढची बाजू चार बोटं तरी वर हवी, नसेल तर दोन्ही मापं सारखीच वाढवा.

दोन पाय, प्रत्येक ३४ सेंटीमीटर खोल, पुढे २२ आणि मागे २८ उंच. प्रत्येक पाय तीन थरांचा. तिन्ही थरांत बाण उभा ठेवा, इथे दिशा बदलायची नाही. फळी दोन थरांची. तिच्यात नळ्या ६० च्या दिशेने, म्हणजे एका पायापासून दुसऱ्या पायापर्यंत जाणाऱ्या. नळ्या आडव्या ठेवल्या तर फळी मधोमध वहीच्या वजनानेच झोळ धरते.

पाय फळीच्या दोन्ही टोकांपासून दोन सेंटीमीटर आत घ्या आणि त्यांच्या मागच्या कडांमध्ये एक पाठ बसवा. पाठीशिवाय डेस्क डाव्या-उजव्या बाजूला झुलतं. दोन पायांमधलं अंतर प्रत्यक्ष मोजून तेवढी रुंद आणि २० सेंटीमीटर उंच पाठ कापा, वरून फळीला टेकवून चिकटवा. पाठ आणि पाय यांच्या आतल्या कोपऱ्यांत पुठ्ठ्याचे त्रिकोणी गुटके भरा, पाच-सहा थर एकत्र चिकटवून केलेले. सगळी ताकद या गुटक्यांत आहे, त्यांना टाळू नका. फळीच्या खाली मधोमध लांबीच्या दिशेने पाच सेंटीमीटर उंचीची दोन थरांची एक पट्टी उभी चिकटवली की फळी दबायची थांबते. गुडघे पुढे असतात, त्यामुळे ही पट्टी त्यांना लागत नाही.

फळीच्या पुढच्या कडेला एक सेंटीमीटर उंचीची काठ-पट्टी लावा, पेन्सिल घरंगळत नाही. वरून कापडाचं कातडं आणि वॉर्निश. मुलं पाण्याची बाटली डेस्कवरच ठेवणार, तेव्हा फळीला वॉर्निशचे तीन हात द्या.

आखाजीला, म्हणजे अक्षय तृतीयेला, माहेरी आलेल्या बहिणींची पोरं घरात गोळा झाली की दोन डेस्क पुरत नाहीत. वेळेवर धावपळ नको म्हणून आम्ही ती होळीनंतरच करायला घेतो. तेव्हा हवा कोरडी असते, ऊन सोसण्यासारखं असतं आणि कूलर अजून माळ्यावर असतो. या कामाला वर्षातले तेच दिवस सगळ्यात चांगले.

मांडणी

मांडणी सोपी आहे. एकाच मापाची, ३५ ते ४० सेंटीमीटर रुंदीची चार-सहा मजबूत खोकी घ्या, तोंड पुढे करून एकावर एक रचा आणि शेजारच्या भिंती एकमेकींना चिकटवा. खोकं आडवं पाडलं की बाजूच्या भिंतींतल्या नळ्याही आडव्या होतात. म्हणून दोन्ही उभ्या भिंतींना आतून एकेक जादा तुकडा लावा, बाण उभा ठेवून. मागची बाजू उघडी ठेवू नका. चिकट सुकेपर्यंत कपड्यांचे चिमटे लावून ठेवा. सगळ्यात जड पुस्तकं खालच्या कप्प्यात. पाण्याचा माठ, तेलाचा डबा कुठल्याच कप्प्यात नको.

दुरुस्ती आणि शेवट

पुठ्ठ्यावर कुणी हसलं तर त्यांना सांगा, २००१ च्या भूकंपानंतर भुजमध्ये शिगेरू बान या जपानी वास्तुकाराने कागदी नळ्यांच्या भिंती असलेली घरं उभी केली होती. टोकियोच्या ऑलिम्पिकमध्ये, २०२१ साली, खेळाडूंच्या पलंगांचे सांगाडे पुठ्ठ्याचे होते.

कोपरा चेपला तर तो कापून काढू नका. चेपलेल्या जागेवर फेविकॉल पाणी घालून पातळ करून सोडा, बोटांनी आकार द्या, सुकल्यावर वर कापडाच्या दोन पट्ट्या चढवा. पाटाला खड्डा पडला तर त्यावरच ३३ चौरसाचा एक नवा थर चिकटवा, आधीच्या वरच्या थराच्या आडव्या दिशेने. जाळी दबली असेल, बसल्यावर करकर आवाज येत असेल, तर मात्र ते स्टूल संपलं. त्यावर पुन्हा कुणाला बसवू नका.

संपलेलं स्टूल फोडलं की आतली जाळी बिनरंगाची आणि स्वच्छ निघते. गमटेप ओढून काढा, ती जाळी रद्दीत जाते किंवा फाडून, भिजवून खताच्या खड्ड्यात टाकता येते. ऑइल पेंट लागलेलं वरचं कातडं वेगळं सोलून काढा आणि सुक्या कचऱ्यात द्या, शेतात टाकू नका. आणि जाळी टाकायच्या आधी तिच्या सहा पट्ट्यांपैकी एक चांगली पट्टी बाजूला ठेवा. तिच्यावरून पुढच्या स्टुलाच्या खाचा आखता येतील, फक्त नव्या पुठ्ठ्याची जाडी तेवढीच आहे ना ते आधी मोजा.